‘बापाच्या नावावर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोटर रेसिंगच्या फॉर्म्युला वनमधला (एफवन) १९९६ चा जगज्जेता डेमन हिल याच्यावरच्या माझ्या लेखाखाली भोसरीच्या एका काकांनी भरघोस प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. हिल बापाच्या नावावर आत शिरला, त्या काळातली सगळ्यात भारी गाडी त्याला आयती मिळाली, तरी आयुष्यात विजेतेपद एकच. पुढाऱ्याच्या पोराला तिकीट मिळतं तसलाच हा प्रकार. काकांनी चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे यश गाडीचं किती आणि चालवणाऱ्याचं किती हे त्यांना कळतं. मला कळत नाही. जाता जाता एक चिमटा: त्याच्या हेल्मेटवर पट्टे नाहीत, वल्ह्यांची पाती आहेत, एवढंही ठाऊक नसेल तर लिहायच्या भानगडीत पडू नये.

काका, आधी जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरू करतो. ‘शून्यातून वर आला’ हे माझं वाक्य चूक होतं, मागे घेतो. ग्रॅहम हिलचा मुलगा म्हटल्यावर लोक फोन उचलायचे. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन ग्रॅहमचा मित्र. त्याने डेमनला अडचणीच्या काळात पैशाची मदत केली. तुमच्या-माझ्या पोराला अशी मदत कोण करणार? फोन उचलला जाणं ही छोटी गोष्ट नाही, मान्य.

पण वारसा म्हणून मिळालं काय, तेही बघा. ग्रॅहम १९६२ आणि १९६८ चा जगज्जेता, इंडियानापोलिस आणि ल मान्स या मोठ्या शर्यतीही जिंकलेला, मोनॅकोत पाच वेळा पहिला. २९ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री तो स्वतः विमान चालवत फ्रान्समधून परतत होता. लंडनच्या उत्तरेला दाट धुक्यात विमान कोसळलं आणि तो, त्याच्या संघाचा तरुण ड्रायव्हर टोनी ब्राइज आणि संघातले आणखी चौघे, असे सहाही जण गेले. विमानाच्या आणि परवान्याच्या कागदपत्रांत घोळ निघाला, विमा हाती लागला नाही, आणि बरोबर गेलेल्यांच्या घरच्यांनी ग्रॅहमच्या इस्टेटीवर दावे लावले. राहतं घर विकावं लागलं. डेमन तेव्हा पंधरा वर्षांचा. पुढे त्याने बांधकामावर मजुरी केली, लंडनभर मोटरसायकलवरून पाकिटं पोचवली. पुढाऱ्याच्या पोराची सुरुवात अशी होत नाही हो.

तुम्ही ‘घराणेशाही’ शब्द वापरलात. आपण पुण्यात राहतो, सवाईला जाऊन बसतो, घराणं आणि घराणेशाही यातला फरक आपल्याला सांगायला नको. घराण्यात तालीम असते. पोरगं आधी तंबोरा घेऊन मागे बसतं, वर्षानुवर्षं कानावर पडतं, चुकलं की ओरडा खातं. मोटर रेसिंगमध्ये खरं घराणं बघायचं तर मॅक्स व्हर्स्टॅपनचं बघा. बाप योस फॉर्म्युला वनमधला, आई सोफी कुम्पेन कार्टिंगमधली (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींतली) नावाजलेली, आणि लहानपणापासून बाप मानगुटीवर बसलेला. डेमनला यातलं काहीच मिळालं नाही. शिकवण्याआधीच बाप गेला, आणि पोराला ओढ मोटरसायकलची. आईला, बेटला, दुचाकीची शर्यत बघवेना, म्हणून तिने १९८३ मध्ये त्याला फ्रान्समधल्या गाडीच्या रेसिंग शाळेत धाडलं. वय तेव्हा बावीस-तेवीस. आज त्या वयात लोक एफवनमध्ये मुरलेले असतात. (खुद्द ग्रॅहमने गाडी चालवण्याचा परवाना काढला तो चोविसाव्या वर्षी. उशिरा सुरू करण्याचं मात्र घराणं म्हणता येईल.)

फॉर्म्युला ३००० मध्ये (एफवनच्या खालची पायरी) तीन मोसम काढून डेमनने एकही शर्यत जिंकली नाही. १९९२ मध्ये एफवनची पहिली जागा मिळाली ती दिवाळखोरीच्या काठावरच्या ब्रॅबम संघाकडे. आठ शर्यतींपैकी सहा वेळा पठ्ठ्या पात्रच ठरला नाही, आणि मग संघच बुडाला. वय एकतीस. हे तुमचं आयतं ताट.

आता गाडीचा मुद्दा. हा खरा तुमच्या हातखंड्याचा विषय, म्हणून इथे जरा थांबतो. हिल पुढे ज्या संघाकडून जिंकला त्या विल्यम्सची गाडी १९९३ आणि १९९६ मध्ये सर्वोत्तम होती यात वाद नाही. पण १९९३ ची ती ॲक्टिव्ह सस्पेन्शनवाली (संगणकाने स्वतःला सावरणारी) गाडी तयार कोणी केली? कागदावर डिझायनर एड्रियन न्यूई आणि मंडळींनी, बरोबर. ट्रॅकवर मात्र संघाचा तेव्हाचा ड्रायव्हर मॅन्सेल शर्यती जिंकत होता तेव्हा चाचणीचा ड्रायव्हर म्हणून दिवसचे दिवस फेऱ्या मारून काय चुकतंय ते सांगणारा हिल होता. मशीनवर जॉब कुणीही लावेल, पहिला पीस काढून सेटिंग बसवणारा माणूस वेगळा असतो. हे तुम्हीच मला सांगायला हवं.

आणि गाडी एकच असेल तर शेजारच्याकडे बघावं. १९९६ मध्ये त्याच गाडीत जॅक व्हिलनव्ह होता, आदल्या वर्षी इंडी ५०० आणि अमेरिकेतली इंडीकार मालिका दोन्ही जिंकून आलेला. तोही बापाचाच मुलगा, आणि झोल्डरच्या ट्रॅकवर जीव गमावलेल्या त्याच्या बापाचं, जिलचं नाव हिलच्या नावापेक्षा काकणभर जास्तच मोठं. हिल आठ शर्यती जिंकला, व्हिलनव्ह चार. गुण ९७ आणि ७८.

पण मला विचाराल तर हिलची खरी परीक्षा विजेतेपदाच्या वर्षी झालीच नाही, १९९४ मध्ये झाली. इलेक्ट्रॉनिक मदतीवर बंदी आली, नवी गाडी हट्टी निघाली, आणि १ मे रोजी इमोलाच्या शर्यतीत संघाचा मुख्य ड्रायव्हर सेन्ना अपघातात गेला. संघ एका रात्रीत एफवनचं जेमतेम एक वर्ष झालेल्या माणसाच्या खांद्यावर आला. जपानमधली सुझुकाची शर्यत आठवा. धो धो पाऊस, शर्यत मध्येच थांबवून दोन भागांच्या वेळा एकत्र धरलेल्या. पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) मागचं उजवं चाक निघेना, म्हणून उरलेली तीनच बदलून त्याला परत सोडलं. एक टायर जुना, समोर विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी शूमाकर, तरी साडेतीन सेकंदांपेक्षा कमी फरकाने का होईना, तो जिंकला. यात विल्यम्स किती आणि हिल किती, तुम्हीच मोजा.

पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियात ॲडलेड, मोसमाची शेवटची शर्यत. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या केबलवर रविवारी सकाळी पोहे खात बघितलेली ही शर्यत. शूमाकर भिंतीला घासून आला होता, हिलला ते दिसलं नव्हतं, त्याने फट बघून गाडी घातली आणि दोघंही संपले. शूमाकरचे गुण ९२, हिलचे ९१, विजेतेपद गेलं. थोडं थांबला असता तर शूमाकर आपोआप बाहेर पडला असता असं म्हणणारे तेव्हाही होते, तुम्हीही म्हणालात. तीस वर्षांनी पोह्यांच्या बशीसमोर बसून थांबणं सोपं आहे.

बापाच्या नावावर भागत असतं तर जगज्जेत्या मारिओचा मुलगा मायकेल अँड्रेटी १९९३ मध्ये मोसम अर्धवट टाकून अमेरिकेला परतला नसता. डेव्हिड ब्रॅबमला तर खुद्द बापाच्या नावाच्या संघात जागा मिळाली, आणि गुण शून्य. शूमाकरचा मुलगा मिक फॉर्म्युला टू (एफवनच्या खालची मालिका) जिंकून आला, दोन मोसमांत त्याचे गुण झाले बारा. जगज्जेत्या बापाचा जगज्जेता मुलगा हिलनंतर फक्त एक झाला, निको रॉसबर्ग, २०१६ मध्ये.

१९९७ च्या हंगेरीतल्या शर्यतीत हिल आघाडीवर होता, त्याबद्दल तुम्ही लिहिलंत की ती कमाल टायरची होती. अर्धं खरं. त्या उन्हात ब्रिजस्टोनचे टायर टिकले, गुडइयरवाल्यांचे फोडासारखे उठले. पण ब्रिजस्टोन इतरही काही संघांकडे होते, आणि शेवटच्या फेऱ्यांत बिघाड होईपर्यंत आघाडीवर होती ती हिलची ॲरोज, जो संघ अख्ख्या हयातीत एकही शर्यत जिंकला नाही.

१९९९ वर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हिलच्या जॉर्डन संघाच्या त्याच गाडीत सहकारी फ्रेन्ट्झनने दोन शर्यती जिंकून तिसरा क्रमांक मिळवला, हिलचे गुण सात. विल्यम्सने हिलला काढून ज्याला घेतलं होतं तोच हा फ्रेन्ट्झन. शेजारच्याकडे बघावं हा माझाच नियम, इथे माझ्यावरच उलटतो. लेखात मी ते वर्ष एका ओळीत उरकलं, तुम्ही पकडलंत.

राहता राहिलं हेल्मेट. पाती वल्ह्यांचीच, तुमचं शंभर टक्के बरोबर. लंडन रोइंग क्लबची. ग्रॅहम तिथे वल्हवायचा, बेटची आणि त्याची ओळखही रोइंगमधूनच झाली. लेखात दुरुस्ती केली आहे.