दुरुस्तीच्या अर्जाने अपिलाची मुदत थांबत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: परिवीक्षा (तुरुंगाऐवजी अटींवर मोकळं सोडणं) मोडली की सरळ तुरुंग, अपील नाही; आदेशात नाव किंवा कलम चुकलं असेल तर आदेशच बाद; आधी दुरुस्तीचा अर्ज टाका, तोवर अपिलाची मुदत थांबते. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी सगळ्यात महागात पडणारी.

'सरळ तुरुंग' नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ९ प्रमाणे अट मोडल्याचा अहवाल आला की न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढतं, आणि सुनावणी होऊन खात्री पटली तरच मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावतं. पहिलाच भंग असेल तर बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी) चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावरही भागवता येतं (१९५८ चा आकडा, अजून तोच). न्यायदंडाधिकाऱ्यांनी कैद सुनावली तर अपील सत्र न्यायालयात. त्यात खरे मुद्दे हे: अहवालाची प्रत मिळाली का, बाजू मांडू दिली का, भंग बंधपत्राच्या मुदतीतला आहे का.

'आदेश बाद' हेही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३६२) सही झालेल्या निकालात फक्त लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त होते. आडनावाचं स्पेलिंग, खटल्याचा क्रमांक, निकालात २ वर्षं पण टंकलेल्या आदेशात ३, हे त्यात बसतं. 'शिक्षा जास्त झाली, कमी करा' हे बसत नाही. ती दुरुस्ती नव्हे, फेरविचार झाला, आणि त्याला अपीलच लागतं. अर्जात चुकीची ओळ आणि हवी ती ओळ शेजारी-शेजारी लिहा, सोबत सही-शिक्क्याची नक्कल जोडा.

आता मुदत. सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित असला तरी हे दिवस चालूच राहतात. वजा होतो तो नकलेला लागलेला वेळ. समजा आदेश ३ मार्चचा, नकलेचा अर्ज ५ मार्चला, नक्कल १२ मार्चला तयार. ३० दिवस २ एप्रिलला संपतात. नकलेचे ८ दिवस धरून १० एप्रिल. नक्कल तयार असून तुम्ही २५ मार्चला उचललीत, तर मधले १३ दिवस तुमच्याच खाती. म्हणून नकलेच्या पाठीवरच्या तारखा आधी वाचा. हिशोब तिथेच असतो. कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालाची एक प्रत आरोपीला लगेच, विनामूल्य द्यायची असते. ती मागून घ्या.

मुदत हुकलीच तर विलंब माफीचा अर्ज आहे, पण त्यात प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं, आणि 'दुरुस्तीची वाट पाहत होतो' एवढ्यावर भिस्त ठेवू नका. दुरुस्तीचा अर्ज आणि अपील, दोन्ही एकाच आठवड्यात टाका. अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीचाही अर्ज टाका, कारण नुसत्या अपिलाने शिक्षा थांबत नाही. माणूस आधीच आत असेल तर अपील कारागृह अधिकाऱ्यामार्फतही दाखल होतं.