रेतीत पिस्टन टिकतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण कामावरच्या माणसाची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: घासणारा गाळ आणि पिस्टन यांचं जमतच नाही, वरुडच्या संत्राबागेतला तुमचा एचटीपी पंप (औषध फवारणीचा, पिस्टनच्याच जातीचा) दर हंगामात पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारी सीलं, खातो, वीज केंद्राच्या राखेच्या पंपहाउसात तुम्ही वर्षानुवर्षं सेंट्रिफ्यूगलच, म्हणजे फिरत्या चाकाने गाळ फेकणारे पंपच, चालवले, आणि पिस्टन पंप महागही पडतो. मग गाळ वाहायला मी पिस्टन पंपाची एवढी तरफदारी का करतो?

एचटीपीचंच घ्या. बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात) चुन्याची कणी राहिली की ती थेट प्लंजरच्या, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याच्या, पॅकिंगपाशी पोचते, आणि पंप मिनिटाला आठ-नऊशे फेरे मारत असतो. पॅकिंग जाणारच! मी म्हणतो तो गाळाचा मोठा पिस्टन-डायफ्राम पंप संथ असतो, मिनिटाला साधारण ५०-६० स्ट्रोक. शिवाय त्याचा पिस्टन गाळाला शिवतही नाही. तो तेल ढकलतो, तेल रबरी डायफ्राम हलवतं, गाळ पलीकडेच राहतो. झिजायला उरतात मुख्यतः व्हॉल्व्ह. तिथे तुमचा राग रास्त आहे. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर एक खडा अडकला की फटीतून दाबाखालचा गाळ सुटतो आणि कडक पोलादालाही चर पाडतो. हे व्हॉल्व्ह वेळापत्रकाने बदलायचे असतात. ‘अजून चालतंय ना’ म्हणणाऱ्या फोरमनने हा पंप घेऊच नये.

आता सेंट्रिफ्यूगल. त्यात दाब येतो तो वेगातून. इंपेलरची, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकाची, कड सेकंदाला २० मीटरच्या पुढे धावते, आणि गाळाचा वेग दुप्पट झाला की झीज सहा ते आठ पट होते. म्हणून हा पंप जपून फिरवावा लागतो. मग एका पंपाला ५०-६० मीटर हेड (पाणी चढवायची उंची), म्हणजे पाच-सहा किलो दाब मिळतो. राखेचा तलाव जवळ असेल तर तेवढा पुरतो, लांब असेल तर एकामागे एक पंप जोडा. पण शेवटच्या पंपाच्या केसिंगवर (बाहेरच्या कवचावर) सगळ्यांचा दाब येतो आणि ग्लँडचं पाणी, म्हणजे शाफ्टच्या सीलमध्ये गाळ शिरू नये म्हणून सोडतात ते, त्याहून जास्त दाबाने द्यावं लागतं.

गडचिरोलीत हेडरी ते कोनसरी सुमारे ८५ किलोमीटरची लोहखनिजाची पाइपलाइन झाली आहे. असल्या अंतरांचा हिशेबच वेगळा. अमेरिकेत ब्लॅक मेसा खाणीचा कोळसा दळून, निम्म्या पाण्यात कालवून, सुमारे ४४० किलोमीटर नेत होते, १९७० ते २००५. तिथे पिस्टन पंपच होते. दाब कितीही चढो, दर स्ट्रोकला जवळपास तेवढाच गाळ पुढे जातो. त्यामुळे पाइपातला वेग पडून गाळ तळाला बसत नाही. मात्र डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पिस्टन पंप चालू केलात तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उडेल, नाहीतर पाइप. एचटीपीची गन बंद केल्यावर औषध टाकीत परत का येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

किमतीचा मुद्दा मान्य, पण त्यात पाणी धरा. २० टक्के राखेच्या पातळ गाळात एक टन राखेमागे ४ टन पाणी जातं. ६० टक्क्यांच्या घट्ट गाळात पाऊण टनाहूनही कमी. एवढा घट्ट गाळ लांब ढकलणं सेंट्रिफ्यूगलला जड जातं. इरई धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या चंद्रपुरात हा फरक उन्हाळ्यात कळतो.

उलट भंडाऱ्याकडच्या मँगनीज खाणीत गिट्टीएवढे तुकडे येणाऱ्या संपवर (पाणी साचायच्या खड्ड्यावर) मी पिस्टन पंप कधीच सुचवणार नाही. तिथे रबर लायनिंगचा सेंट्रिफ्यूगलच हवा. (आणि भूमिगत खाणीतली पोकळी रेतीने भरायची असेल तर पाण्याबरोबर वरून सोडतात. उताराला वीजबिल नाही.)

म्हणून पंपहाउसातला तुमचा अनुभव मी खोडत नाही, फक्त विचारतो: तलाव किती लांब होता, आणि राख किती टक्के? हे दोन आकडे कळवा, मग पुढे भांडू. आणि तोवर चुना दुहेरी कापडातून गाळा.