गादी बसवून दिली म्हणे!

‘पाठ दुखते म्हणजे गादी सरकलीय, नस अडकलीय आणि अंगात ताण आणि विष साचलंय. जाणत्या हाताच्या तीन बैठकांत सगळं मुळापासून जातं. गोळ्या, व्यायाम, डॉक्टर काही नको.’ हा मेसेज आमच्या फोंड्यातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरून झाला. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांच्या पाठीवर माझेच हात असतात, त्यामुळे मी हातांच्या विरोधात बोलेन कशाला?

आधी गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. ती साबणाची वडी नव्हे, निसटली आणि परत आत सारली असं व्हायला. वरखालच्या मणक्यांना ती घट्ट जोडलेली असते. फुगते, फाटते, कधी तिचा तुकडा बाहेर येतो आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा. आणि फुगलेली गादी म्हणजे दुखणंच असंही नाही. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशा 3,000हून अधिक लोकांच्या स्कॅनचा आढावा 2015 साली आला. त्यात विशीतल्या 30 टक्के लोकांची गादी फुगलेली होती, ऐंशीतल्या 84 टक्क्यांची.

माझ्याकडे म्हार्दोळकडच्या एक काकी येतात. त्यांना कुणीतरी ‘गादी बसवलीय, आता जन्मात वाकू नका’ म्हणून सांगितलं. आठ महिने विळीवर बसल्या नाहीत, नारळ सून खवायची. मी त्यांच्या कमरेवर हात ठेवला आणि ‘वाका’ म्हटलं. वाकायच्या आधीच स्नायू दगडासारखे झाले, श्वास अडकला. मला तिथे सापडली ती धास्ती. सरकलेलं काही नव्हतं.

नस म्हणाल तर आपण शिरेला, स्नायूला, मज्जातंतूला, सगळ्यालाच नस म्हणतो. मज्जातंतू खरोखर दबला तर कळ पायात उतरते, मुंग्या येतात, जोर कमी होतो. विषाचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात, तिथे माझ्या तेलाला काही काम नाही.

ताणाबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्यात पुष्कळदा मज्जासंस्थाच हळवी होते. झोप उडाली, घरात कटकट असली की तीच पाठ जास्त ठणकते. स्पर्शानं ती काही वेळ शांत होते. धडपडल्यावर आपण गुडघा चोळतो ना, तसंच. पण काही वेळच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या जुनाट कंबरदुखीच्या शिफारशींत मसाज आहे, पण व्यायाम, समजावून सांगणं आणि मानसोपचार यांच्या पंगतीत. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताणणं, नेहमीच्या उपचारात नकोत, असंही त्यांत आहे. आमच्याच धंद्यात अजून सर्रास ट्रॅक्शन लावतात, तेव्हा नुसत्या मेसेजवाल्यांना काय बोलू?

‘डॉक्टर नको’ हे वाक्य तर पुसूनच टाका. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाय लुळा पडू लागला, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, गाठा. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल तरी आधी डॉक्टर.

काकींनी परवा अर्धा नारळ खवला. मग विचारलं, “म्हणजे आता चोळणार नाही तुम्ही?” चोळते की. दहा मिनिटं. मग उठवून वाकायला लावते.