अजून इथेच?

हल्ली मी भाजी आणायला रात्री साडेनऊनंतर बाहेर पडते, तेही तोंडाला स्कार्फ गुंडाळून. चोरीबिरी काही केलेली नाही. पण तळमजल्यावरच्या काकू संध्याकाळी सात ते आठ बाजारात असतात, आणि त्यांनी मला ओटी भरून, पाकिटात पाचशे एक रुपये घालून, डोळे पुसत पुसत निरोप दिलेला आहे. त्याला आज नऊ आठवडे झाले.

माझं चुकलं एवढंच, की मी सगळ्यांना सांगून बसले. जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी लागली, महिन्याभरात निघणार! पुण्याची खोली सोडली. फ्रिज विकला. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर परत केला. 'दोनच आठवडे' म्हणून डोंबिवलीला आईकडे येऊन पडले आणि स्कूटी इथल्या तळमजल्यावरच्या त्याच काकूंच्या मुलाला दिली. मग कळलं, व्हिसाच्या अर्जात एका पानावर सही राहिलीय. माझीच. बँक, पीएफ, घरमालक, महिनाभर मी दिसेल त्या कागदावर सह्या करत सुटले होते. कुरिअरवाल्याला तर एका पार्सलसाठी दोनदा दिली. नेमकी जिथे हवी तिथे दिली नाही.

तर पासपोर्ट तिकडे आणि मी इकडे.

निरोप घेऊन न गेलेल्या माणसाला समाजात जागा नसते. गेलेल्याची आठवण काढतात, आलेल्याचं कौतुक करतात. आपण यातले कुणीच नाही. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण आधी दचकतो आणि मग विचारतो, "अगं, अजून इथेच?" त्या 'अजून'मध्ये फुकट गेलेल्या शाल-श्रीफळाचा हिशेब असतो. परवा नाइलाजाने काकूंच्या मुलाकडे माझीच स्कूटी अर्ध्या तासासाठी मागितली. त्याने चावी दिली आणि वर सांगितलं, "ताई, जरा सांभाळून चालव हं."

घरातही माझा भाव उतरलाय. पहिल्या आठवड्यात पुरणपोळी, अळूवडी, उकडीचे मोदक. "खाऊन घे, तिकडे कोण देणार तुला?" चौथ्या आठवड्यात साधं वरण-भात-तूप. कालचा संवाद असा:

"आई, भाजी काय आहे?"

"दोडका. आणि पाहुण्यासारखी बसू नकोस, शिरा काढ त्याच्या."

सगळ्यात हाल बॅगांचे. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरून हॉलमध्ये उभ्या आहेत. पाहुणे आता त्यांच्यावर चहाचा कप ठेवतात. त्या भरताना घरात मोठी परिषद भरली होती. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, हे मी वाचून दाखवलं. त्यावर आई म्हणाली, "तूप म्हणजे काय दूध आहे? तूप म्हणजे तूप." शेवटी तुपाची बरणी हातातून काढून घ्यावी लागली. मग फळं. दाखल्याशिवाय फक्त पाच नेता येतात: अननस, केळी, खजूर, नारळ आणि ड्युरियन. नारळ चालतो म्हटल्यावर आजीचं जर्मनीबद्दलचं मत एकदम सुधारलं. ओटी भरता येईल अशा देशात नात चाललीय म्हणजे काळजी नाही. पण ड्युरियन म्हणजे काय, ते तिला सांगायला नको होतं.

"फणसासारखं असतं, आजी. काटेरी. आणि वास फार मारतं."

"मग आमच्या फणसानेच काय घोडं मारलंय त्यांचं?"

आजी राजापूरची आहे. हा अपमान ती विसरणार नाही.

आता त्या बॅगा उलट्या दिशेने रिकाम्या होतायत. आधी मोजे काढले. मग छोटा कुकर, कारण घरातल्या कुकरची शिट्टी बिघडली. मग एका रविवारी आमटीला घरातला गोडा मसाला संपला आणि आई माझ्याकडे न बघता बॅगेशी गेली. चेन उघडल्याचा आवाज आला. मेतकुटाचं पाकीट कधी फुटलं ते मला अजून माहीत नाही. मला फक्त रोज सकाळी मऊ भात मिळतो. काल वजनकाट्याला अडकवून बघितली, तेवीसची बॅग सतरा किलो आठशे भरली. व्हिसा आणखी महिनाभर आला नाही तर मी हातात पिशवी घेऊनही जाऊ शकेन.

वेळ घालवायला जर्मन शिकतेय. आकडे सोपे गेले, कारण तेही पंचवीसला 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. लिंगंही आपल्यासारखी तीन. फक्त चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक, एवढं घोकावं लागतं. शिकता शिकता कळलं की श्टुटगार्टकडे 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. इमारतीतल्या भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा. शब्दातच केर आहे! मोठ्या उत्साहाने मी हे आईला सांगितलं. ती क्षणभर थांबली.

"म्हणजे केर काढायला जर्मनीला चाललीयस?"

आणि हातात केरसुणी दिली.

फोन वाजला की काळजात धस्स होतं. कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या मुलीला मी परवा "हो हो, पासपोर्ट आला का?" असं विचारलं. तिने बिचारीने दोन मिनिटं माझी समजूत काढली. तीस हजारांचं जाड जॅकेट मात्र एकदा वापरून झालंय. मावशीला बघायचं होतं, म्हणून मे महिन्यात दुपारी दोन वाजता हॉलमध्ये घालून दाखवलं. "पाठीत छान बसलंय, वळ बघू," असं ती चार वेळा म्हणाली. चौथ्या वळणाला मला घेरी आली.

काल रात्री दहाला वाण्याकडे गेले. आईला धने, दगडफूल आणि सुकं खोबरं हवं होतं, गोडा मसाला नव्याने करायला. स्कार्फ होताच, तरी त्याने ओळखलं.

"काय ताई, कधी निघताय?"

मी कंटाळून ठोकून दिलं, "पंधरा तारखेला."

त्याने धने तोलले, पुडी बांधली, दोरा दातांनी तोडला.

"कुठल्या महिन्याच्या?"