इतिहासाची मुलगी इनक्युबेशन केंद्रात काय करणार?

विद्यापीठाच्या इनक्युबेशन केंद्रात, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात, पदव्युत्तर मुलं कामाला घ्यायची तर एमबीए किंवा बी. ई. झालेलीच घ्या, इतिहास-भूगोलवाल्यांना तिथलं काय कळणार, असा सूर महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रमंडळींत लागला आहे. त्यातले दोघे प्राध्यापक आहेत, म्हणून मला जास्त राग आला. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या आर्थिक विकास कार्यालयात मी काम करतो आणि ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता तिथे काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी, निवडणं माझ्याकडेच आहे. या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

सध्या आमच्याकडे रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा एक मुलगा आहे. एखादा शोध खरंच नवा आहे की आधी कुणी लावून ठेवलाय, हे तो पेटंटांच्या ढिगातून शोधतो. भूगोलवाली कुठल्या गावातली माणसं कुठे कामाला जातात ते जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशांत, मांडते. एखाद्या उद्योगाचा भागाच्या अर्थकारणावर काय परिणाम होईल याचा हिशेब करणारं इम्प्लान हे सॉफ्टवेअर चालवतो तो कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आणि एक मुलगी इतिहासाची आहे. शेतकऱ्याच्या घरातली, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. कारखाना बंद पडलेल्या एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तिला पाठवलं. ती युनियनच्या जुन्या कामगारांबरोबर बसली, कोण काय शिकला, कुणाच्या हाताला अजून कसलं काम येतं, मुलं गाव का सोडतात, हे सगळं तिने लिहून आणलं. अनुदानाच्या अर्जात आम्ही आकडे भरले होतेच. पण ते गाव नेमकं कशावर पुन्हा उभं राहील, हे तिच्या पानांतून कळलं. ‘संबंधित शाखेची पदवी’ अशी अट असती तर ही मुलगी आमच्या दारापर्यंतही आली नसती.

अमेरिकेतल्या १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. तेव्हापासून विकास म्हणजे पेटंट आणि स्टार्टअप असं मानणारे खूप झाले, आणि आपल्याकडे नक्कल पोचली ती तेवढ्याचीच. पण त्याआधी सरकारी जमिनीच्या जोरावर ‘लँड-ग्रँट’ महाविद्यालयं उभी करणारा १८६२ चा मॉरिल कायदा होता, त्यांचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारा १९१४ चा स्मिथ-लिव्हर कायदा होता, आणि त्यांच्यामुळे विद्यापीठाची माणसं काउंटी-काउंटीत जाऊन राहिली. हे आपल्याला परकं नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं, त्याचा साचा या लँड-ग्रँट विद्यापीठांचाच. आणि त्याच्याही आधी, १९५० च्या सुमारास, प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी आणि अर्थशास्त्रज्ञ! दोघांतल्या कुणाकडे व्यवस्थापनाची पदवी होती? ज्या राज्याने हे करून दाखवलं, त्या राज्यातल्या प्राध्यापकांनी शाखेची भिंत घालावी, याचं मला मनापासून दुःख होतं.

मित्र म्हणाला, तुमच्याकडे पैसा आहे. आहेच. आमच्या असिस्टंटला फी माफ असते, वर दरमहा स्टायपेंड मिळतो. पण अट सैल करायला पैसा लागत नाही. तरुणांना राज्य सरकारबरोबर काम करायला घेणारी महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मंत्रालयाला चालतो, मग विद्यापीठाला का नाही?

हा वाद माझ्या जिव्हारी इतका का लागतो तेही सांगतो. मी भूगोलाचा एम. ए. आपल्या जिल्ह्यासाठी काम करायची इच्छा होती, आणि जाहिरात उघडली की शाखेच्या रकान्यापाशी माझा अर्ज संपायचा. इथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत, अशाच एका कार्यालयात लागलो. नकाशे करता येतात का, एवढंच विचारलं गेलं. आज या राज्यातल्या कुठल्या गावात कुठला कारखाना कशामुळे आला हे मी न बघता सांगतो. माझ्या जिल्ह्याबद्दल बोलतो ते मात्र मी तो सोडला तेव्हाचं. आणि इथल्या बैठकीत शेतकरी मनातलं बोलतात ते त्या इतिहासाच्या मुलीशी. माझ्याशी चांगलं वागतात, मला मान देतात, पण कर्जाचं, जमिनीचं, मुलाशी झालेल्या भांडणाचं मला कुणी सांगत नाही. या कामाला त्या मातीतलं माणूस लागतं, हे मी रोज बघतो. मी ज्या मातीतला आहे तिथे मला अर्ज करता आला नाही.

त्या दोघा प्राध्यापकांना माझं सांगणं आहे: जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असं लिहा. मुलाखतीआधी उमेदवाराला आठवडाभर एखाद्या तालुक्यात पाठवा आणि त्याने काय लिहून आणलं ते स्वतः वाचा. त्यानंतर एमबीएवालाच सरस वाटला, तर खुशाल त्यालाच घ्या.