वाघ, कोंबडी आणि बंडूभाऊचं धारोष्ण दूध

नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले वाघ बर्ड फ्लूनं गेल्यापासून सक्करदऱ्याच्या आमच्या कट्ट्यावर बंडूभाऊ साथरोगतज्ज्ञ झाला आहे. त्याआधी तो जामठ्याच्या क्रिकेट पिचचा तज्ज्ञ होता.

"तीन वाघ अन् एक बिबट," तर्रीत शेव बुडवत तो म्हणाला. "हे सारं ठरवून चालू आहे."

"कोणी ठरवलं बे?" मंग्यानं विचारलं. मंग्या पशुसंवर्धनात आहे. कोंबडीच्या घशात बोळा फिरवून नमुना घेणं हे त्याच्या नोकरीचंच काम, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क त्याचा, असं मी तरी धरून चालतो.

"व्हायरसनं. त्याला माणसात यायचं आहे. पहिले कोंबडी, मग वाघ, मग आपण."

"वाघानंतर तू? हे प्रमोशन म्हणावं का डिमोशन?"

रज्जाकभाई हसला, पण जपूनच. चिकनचं दुकान त्याचं. बर्ड फ्लूचं नाव निघालं की गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं.

"हे बघ," मंग्या म्हणाला, "व्हायरसला कुठं यायचं-जायचं नसतं. तो आपल्या नकला काढतो, अन् काढताना चुका करतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी नव्या जनावरात चालून जाते. बस. तो काही टपून नाही बसला तुझ्यासाठी."

"मग वाघ मेला कसा?"

"कच्ची कोंबडी पोटात गेली, असा संशय आहे. छिंदवाड्याच्या मांजरींतही निघाला. पण मरणं वेगळं अन् पसरवणं वेगळं. हाँगकाँगला 1997 साली याच व्हायरसनं, एच5एन1 त्याचं नाव, 18 माणसं धरली, 6 गेली. बाजारातल्या कोंबड्या मारल्या, थांबलं. आता सांग, अठराच का? एवढ्या गर्दीच्या शहरात अठरा हजार का नाही?"

बंडूभाऊनं चीनचं नाव घेतलं. तो उत्तर येत नसलं की चीनचं नाव घेतो. मागे नळाला पाणी आलं नव्हतं तेव्हाही घेतलं होतं.

"तुझा नवा फोन दाखव," मंग्या म्हणाला. "याला तुझ्या जुन्या चार्जरची पिन लागते का? नाही ना? तसंच. पेशीवर एक साखर असते, सायलिक ॲसिड. व्हायरस तिला धरून आत शिरतो. पक्ष्यांच्या आतड्यात तिची जोडणी एका तऱ्हेची, आपल्या नाका-घशात दुसऱ्या तऱ्हेची. पक्ष्यांची तऱ्हा आपल्यातही आहे, पण खोल, फुफ्फुसाच्या तळाशी. म्हणून हा तिथवर पोचला तर माणूस गंभीर होतो. पण इतक्या खोलातून शिंकेबरोबर बाहेर पडणं याला जमत नाही. नाकात बसायला शिकला, तर मात्र आपली खैर नाही."

मला हे पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, जो जास्त मारतो तोच जास्त पसरतो.

"अन् तेवढ्यानं भागत नाही," मंग्या पेटला होता. "बदकाच्या आतड्यात 41 अंशांची ऊब, आपल्या नाकात 33. पक्ष्यांचा व्हायरस त्या गारव्यात आळशी पडतो. त्याच्या नकला काढणाऱ्या यंत्रात पीबी2 नावाचा भाग आहे, त्यात 627 व्या जागी एक बदल झाला की तो थंडीतही कामाला लागतो. असे दोन-चार बदल एकाच व्हायरसमध्ये जमायला पाहिजेत. त्याचे जनुक आठ तुकड्यांत असतात. एकाच जनावराला दोन जातींचे फ्लू एकदम झाले तर तुकड्यांची अदलाबदल होते. 1957 ला माणसाच्या फ्लूत पक्ष्यांचे तीन तुकडे घुसले, 1968 ला दोन. 2009 चा स्वाइन फ्लू तर डुकरांतच जुळून आला. पुण्यात काय झालं, आठवते ना?"

"मला 2006 आठवते," रज्जाकभाई मधेच म्हणाला. "बर्ड फ्लू निघाला ते नवापूर कुठं, आपला नागपूरचा मोमिनपुरा कुठं! मधे अख्खा महाराष्ट्र पडला. तरी माझं दुकान ओस. अन् हा बंडू! दिवसा लोकांना सांगे, चिकन खाऊ नका. रात्री मागच्या दारानं यायचा, 'भाई, स्वस्त झालं असंल तर अर्धा किलो दे.' उधारीवर!"

"मी तुला आधार द्यायला येत होतो."

"आधाराचे पैसे बाकी आहेत."

इथं चर्चा दहा मिनिटं उधारीवर गेली. त्यात बंडूभाऊच्या मेव्हण्याच्या लग्नातलं मटण कमी पडल्याचा विषयही निघालाच.

मग बंडूभाऊनं नवा मुद्दा काढला. वाघांना पोल्ट्रीचं कशाला द्यायचं? गावठी द्यायची.

"गावठी?" मंग्यानं कपाळावर हात मारला. "अरे, ती तर दिवसभर तळ्याकाठी रानबदकांच्या विष्ठेत चोच मारत फिरते. अन् या व्हायरसचं मूळ घरच रानबदक."

"म्हणून मी शाकाहारावर आलो. सकाळी गोठ्यावर जाऊन धारोष्ण दूध."

मंग्या याचीच वाट बघत होता. "अमेरिकेत 2024 पासून हाच व्हायरस गायींच्या कासेत आहे. दूध काढायच्या यंत्रातून एकीकडून दुसरीकडे. गोठ्यातल्या मांजरींनी कच्चं दूध प्यायलं अन् मेल्या. माणसं साठाच्या वर धरली, बहुतेक गोठ्यातले नाहीतर पोल्ट्रीतले मजूर. बऱ्याच जणांचे नुसते डोळे आले, अन् एकानं दुसऱ्याला दिल्याचं काही दिसलं नाही. पण अशी प्रत्येक लागण म्हणजे व्हायरसला माणसाच्या अंगात सरावाची एक संधी. या संधी कमी करायच्या, एवढंच आपल्या हातात. आपल्या गायींत सापडल्याचं मी ऐकलं नाही. तरी उकळून पी बे, तुझ्या बायकोचे पाय धरतो."

"माझे धर ना!"

"तुझे धुतलेले नसतात."

बंडूभाऊ थोडा वेळ गप्प. मग हळूच, "म्हणजे सावजी चालते?"

"सत्तर अंशांच्या वर शिजलं की हा मरतो. अन् सावजीच्या रश्श्यात व्हायरस तर सोड, दुसऱ्या दिवशी सकाळी तूच वाचत नाहीस."

रज्जाकभाईला हसून हसून ठसका लागला. बंडूभाऊ लगेच दोन हात मागे सरकला अन् नाकाला रुमाल लावला.

"भिऊ नको," रज्जाकभाई म्हणाला, "तर्री आहे. अन् उधारीचं काय?"

"देतो. पण बर्ड फ्लूच्या भावानं देईन, आजच्या नाही."

"अन् व्याज?"

"व्याजात गावठी कोंबडी घे," मंग्या म्हणाला. "नमुना मी घेतो."