शेवट आधी कळला तर गोष्ट जास्त आवडते? थांबा जरा

दर थोड्या दिवसांनी एक पोस्ट फिरत येते आणि लोक ती धडाधड शेअर करतात. त्यात म्हटलेलं असतं की स्पॉयलरने, म्हणजे गोष्टीचा शेवट कोणी आधीच सांगून टाकल्याने, मजा जात नाही, उलट वाढते, हे संशोधनाने सिद्ध झालंय, चांगल्या गोष्टीला शेवट कळल्याने काही फरक पडत नाही, महाभारताचा शेवट सगळ्यांना माहीत आहे तरी आपण ते बघतोच, आणि एकदा बघितलेला पिक्चर परत बघतानाही मजा येतेच ना, मग कोणी शेवट सांगितला म्हणून चिडायचं कशाला. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते एकेक मुद्दा घेऊन सांगते.

"संशोधनाने सिद्ध झालंय"

हे कुठलं संशोधन ते आधी बघू. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी १२ लघुकथा घेऊन प्रयोग केले. काही वाचकांना कथेआधी एक परिच्छेद दिला, त्यात शेवट उघड केलेला, काहींना नुसती कथा दिली, आणि मग १ ते १० मध्ये किती आवडली ते विचारलं. शेवट कळलेल्यांनी सरासरी थोडे जास्त गुण दिले. इथपर्यंत खरं आहे, आणि अभ्यास प्रामाणिकपणे केलेला आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तो वाढीव आकडा दहापैकी एका गुणाच्याही आतला आहे. शिवाय तोच शेवट सांगणारा परिच्छेद जेव्हा कथेचाच पहिला परिच्छेद असल्यासारखा आत घातला तेव्हा काहीच फरक पडला नाही, हे त्याच अभ्यासात आहे आणि पोस्टमध्ये कधीच नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या होत्या एका बैठकीत संपणाऱ्या लघुकथा, दुसऱ्या कोणीतरी निवडून हातात ठेवलेल्या. वाचणाऱ्याने ना त्या पात्रांची वाट बघितलेली, ना मित्रांशी वाद घालत अंदाज बांधलेले. चार-पाच सीझन ज्या माणसांबरोबर काढले त्यातलं कोण मरतं हे सकाळी फोन उघडल्या उघडल्या कळणं आणि अनोळखी लघुकथेच्या आधी दोन ओळी वाचणं हे एकाच मापाने मोजता येत नाही हो.

शिवाय नंतर उलटे निकालही आलेत. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी ४१२ जणांना घेऊन असाच प्रयोग केला, पण नुसतं "आवडलं का" एवढ्यावर न थांबता उत्कंठा किती वाटली, मनाला किती भिडलं असे वेगवेगळे प्रश्न विचारले, तर शेवट माहीत नसलेल्यांना कथा जास्त उत्कंठेची आणि जास्त भिडणारी वाटली. म्हणजे प्रश्न अजून उघडा आहे. एका अभ्यासाचं नाव घेऊन "सिद्ध झालं" म्हणणं बरोबर नाही.

"गोष्ट चांगली असेल तर शेवट कळून काय बिघडतं"

माझं खरं भांडण इथे आहे. यात असं धरून चाललेलं असतं की शेवट म्हणजे डब्यात ठेवलेली एक माहिती, आणि लेखन, संवाद, अभिनय हे वेगळं, खरं मोलाचं काहीतरी. पण कोणती गोष्ट कधी सांगायची, कुठे लपवायची, कोणाला आधी कळू द्यायची हेच तर कथा सांगणाऱ्याचं निम्मं काम आहे.

खुनाची कादंबरी घ्या. शेवट माहीत नसताना तुम्ही घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघता, माळी उगाच इतक्या लवकर का गेला, बहीण पत्राबद्दल खोटं का बोलली, आणि हळूहळू तुमची स्वतःची एक थिअरी तयार होते, ती मोडते, दुसरी बनते, आणि मधली दोनशे पानं या कामात जिवंत राहतात. आता कोणीतरी खुन्याचं नाव सांगितलं की बाकीची सगळी पात्रं एका क्षणात मेली, कारण तुम्ही फक्त त्या एकाकडेच बघत बसता. लेखकाने पेरलेली प्रत्येक हुलकावणी वाया. म्हणजे एक ओळ सांगून नुसतं शेवटचं पान गेलं नाही, मधलं सगळं गेलं.

कलाकारांना हे पक्कं कळतं. १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'द माऊसट्रॅप' नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. दिग्दर्शक हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको' या सिनेमाच्या वेळी सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम लावून घेतला. जाहिरात होतीच त्यात, मान्य, पण क्रमच बिघडला तर सिनेमा बिघडतो ही समजही होती. गंमत म्हणजे हाच हिचकॉक सांगायचा की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळू द्या, मगच समोरच्या साध्या गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागेल. म्हणजे कधी सांगायचं, कधी लपवायचं, दोन्ही तोच ठरवत होता.

"महाभारताचा शेवट माहीत असतोच की"

माहीत असतो, आणि ती कथा सांगितलीच जाते ते धरून. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे आपल्याला आदिपर्वातच कळतं आणि त्याला स्वतःला ते कळायला युद्ध तोंडावर यावं लागतं, मधल्या प्रत्येक प्रसंगातली घालमेल आपल्याला माहीत आहे म्हणूनच होते. ग्रीक शोकांतिकांचंही तसंच, इडिपस राजाची कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक होती आणि नाटककाराने त्या ठाऊक असण्यावरच सगळं उभं केलं. हे माहीत असणं कथेच्या रचनेत बसवलेलं आहे. कालच्या थ्रिलरचा शेवट कमेंटमध्ये टाकणाऱ्याने अशी कुठली रचना केलेली असते? त्याने फक्त दुसऱ्याची मोडलेली असते.

"परत बघताना मजा येतेच ना"

येते, मला तर खूप येते. आणि या बाजूने सांगण्यासारखं संशोधनही आहे, रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दाखवलं की जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले यासारखी पक्की माहीत असलेली गोष्टसुद्धा ताण वाढवत सांगितली की वाचक ती खरी आहे म्हणायला जरा जास्त वेळ घेतात. म्हणजे उत्तर माहीत असूनही धाकधूक होऊ शकते. पण धाकधूक वेगळी आणि चकित होणं वेगळं, चकित माणूस एकदाच होतो. आणि परत बघण्यातली मजा येते कुठून? "अरे, हे तर पहिल्याच सीनमध्ये सांगितलं होतं आणि मला दिसलं नाही" यातून. आधी फसलो होतो म्हणून ती मजा आहे. स्पॉयलर मिळालेल्या माणसाला थेट दुसरं वाचन मिळतं, पहिलं न होताच, आणि दुसरं तर त्याला पुढे कधीही मिळणारच होतं.

"ट्रेलरमध्येच सगळं असतं"

खूपदा असतं, आणि तेही चुकतंच. एकाने चूक केली म्हणून दुसऱ्याला मोकळीक मिळत नाही.

"काही लोक स्वतःहून शेवटचं पान आधी वाचतात"

वाचू द्या की! कोणाला ताण सहन होत नाही, कोणाच्या घरात नुकतंच कोणी गेलेलं असतं आणि पडद्यावर लहान मूल मरणार असेल तर आधी माहीत हवं असतं, कोणाला शेवट कळला की निवांतपणे बारकावे बघता येतात, आणि २०११ च्या अभ्यासातले गुण देणारे वाचक कदाचित असेच असतील. त्यांनी जरूर विचारावं, आणि ज्याला माहीत आहे त्याने त्यांना जरूर सांगावं, अगदी सविस्तर, कोण मरतं, कुत्रा वाचतो का, सगळं. फक्त ज्याने विचारलंय त्यालाच सांगा, वैयक्तिक मेसेजमध्ये, किंवा वर स्पॉयलर आहे असं लिहून खाली मोकळी जागा सोडून. ज्याला वाचायचंय तो खाली जाईल.